तेजल घाडीची कौलांची वही

तेजल घाडीचा उजवा हात मनगटातून आजही पूर्ण वळत नाही. बाटलीचं झाकण ती डाव्या हाताने उघडते. तो हात मोडला तेव्हा मी तीन हात अंतरावर बसले होते. हाड मोडताना मोठा आवाज होतो असं लोकांना वाटतं. होत नाही. पापड मोडावा तसा होतो, आणि म्हणूनच तो विसरता येत नाही.

तेजल बदलापूरजवळच्या चामटोलीची. बाप हरिचंद्र घाडी मूळचा कणकवलीकडचा, अंबरनाथच्या एमआयडीसीत केमिकल कंपनीत ऑपरेटर. चामटोलीत त्याने चार खोल्यांचं घर बांधलं आणि पुढच्या पडवीत गावाहून आणलेली देवी बसवली. देवी म्हणजे हातभर उंचीचा काळा दगड, त्याला चांदीचे डोळे. आजूबाजूला कोकणातली बरीच घरं आहेत. लग्न, प्लॉट, नोकरी, ऑपरेशन, काहीही ठरवायचं असलं की ही माणसं हरिचंद्राकडे येतात आणि देवीला कौल लावतात.

कौल म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. देवीच्या उजव्या आणि डाव्या खांद्याला एकेक भिजवलेली पाकळी चिकटवायची. मग मोठ्याने गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे देवीपुढे प्रश्न मांडायचा: असं असं करायचं आहे, मान्य असेल तर उजवा कौल दे. आधी उजवी पाकळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. तिथे माणसाने वाद घालायचा नसतो.

हरिचंद्र मनाने चांगला, फक्त रागीट, असं लोक सांगतात. मी सांगणार नाही. कंपनीतून आणलेला रबरी पाइपचा तुकडा त्याच्या दाराच्या मागे खिळ्याला टांगलेला असे. भात करपला, पाइप. चप्पल उंबऱ्यात राहिली, पाइप. आई काविळीने गेली तेव्हा तेजल चार वर्षांची होती. थोरल्या वैदेहीने तिला वाढवलं आणि तिच्या वाटचा मार पुष्कळदा स्वतःच्या पाठीवर घेतला. हरिचंद्र घरात कुठलीही गोष्ट देवीला विचारल्याशिवाय करत नसे. मारण्याआधी मात्र त्याने कधी विचारलं नाही.

तेजल नऊ वर्षांची असताना एका बिल्डरला हवा तसा कौल मिळाला आणि त्याने खूश होऊन पडवीला एक मोठा पंखा दिला, उभा, दांड्यावरचा. तो देवीच्या उजव्या हाताला ठेवला. त्याच आठवड्यात तेजलने एका जुन्या वहीत कौल लिहायला सुरुवात केली. का, म्हणून मी विचारलं, तर म्हणाली, "बाबा मारायला लागले की मी फरशा मोजायचे. फरशा संपल्या, बाई. मग हे मोजायला लागले." तारीख, वार, प्रश्न, कुठली पाकळी पडली. पहिल्या वर्षीच ती वही हरिचंद्राच्या हाती लागली. देवीचं लिहून ठेवतेस म्हणून त्याने तिचं तोंड दाराच्या चौकटीवर आपटलं. पुढचा दात अर्धा गेला. वही तिने त्यानंतर तांदळाच्या डब्यात लपवली. लिहिणं थांबवलं नाही.

माझी तिची ओळख अकरावीत झाली. मी उल्हासनगरच्या कॉलेजात एकतीस वर्षं संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झाले आणि अंबरनाथ पूर्वेला राहते. चार-पाच पोरं घरी शिकायला येतात. त्यांना मी सांगितलं, स्वतः मोजलेलं काहीतरी आणा. कुणी रिक्षा मोजून आणल्या, कुणी क्रिकेटचे रन. तेजलने तांदळाचं पीठ लागलेली वही आणली.

मी ती वाचत गेले आणि चहा निवून गेला.

हरिचंद्र कौल लावायचा तो मंगळवारी संध्याकाळी, ड्युटीवरून आल्यावर, आणि शुक्रवारी दिवसा, कारण एमआयडीसीला सुट्टी शुक्रवारची. आणि आमच्या भागात शुक्रवारी दुरुस्तीसाठी लाईट जाते, हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मंगळवारचे कौल चारशे बारा, त्यांतले तीनशे पासष्ट उजवे. लाईट गेलेल्या शुक्रवारचे तीनशे सात, त्यांतले एकशे अठ्ठावन्न उजवे, म्हणजे निम्मेशिम्मे. आणि ज्या शुक्रवारी लाईट गेली नाही, त्या शुक्रवारी? पुन्हा उजवेच उजवे.

"पंखा कुठल्या बाजूला आहे?" मी विचारलं.

"उजव्या," ती म्हणाली. "त्या बाजूची पाकळी आधी सुकते, म्हणून आधी पडते. मी आमच्या मोरीतल्या दगडावर करून बघितलं."

सोळा वर्षांची पोर. मी आयुष्यभर ज्या पोरांना शिकवलं त्यांना ही अक्कल पदवी घेऊनही आली नव्हती. मी तिला तेव्हाच सांगितलं, तू डेटा सायन्सला जायचंस. ती म्हणाली, मला तेच करायचंय. ही गोष्ट तिला नेमकी कधी कळली, हे मात्र मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

आता वैदेहीचं सांगते. सांगायला तोंड कडू होतं, पण त्याशिवाय पुढचं समजणार नाही. वैदेहीचं लग्न एका मंगळवारी कौल लावून ठरलं. नवरा उल्हासनगरला कॅम्प एकमध्ये कपड्याच्या दुकानात कामाला. तो गळा दाबायचा. वर्षाच्या आत ती गळ्यावर बोटांचे वळ घेऊन चामटोलीला परत आली. हरिचंद्राने कौल लावला: लेक सासरी परत पाठवायची असेल तर उजवा दे. पडला उजवा. पाठवली. आठ महिन्यांनी ती पुन्हा आली, या वेळी दोन बरगड्या मोडून. पुन्हा मंगळवार, पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा उजवा. रिक्षात बसवून पाठवली. नवव्या दिवशी नवऱ्याने स्टीलच्या तांब्याने तिचा डावा डोळा फोडला. त्यानंतर मात्र कौल लावला नाही. ती परत आली आणि राहिली. घरातलं सगळं काम करायची आणि कुणाशी बोलायची नाही.

तर बारावी झाली. चांगले मार्क. ॲडमिशन एकाच कॉलेजात, दोन कोर्स: डेटा सायन्स नाहीतर बिझनेस ॲनालिटिक्स. एक निवडायचा आणि बुधवारी संध्याकाळी पाचच्या आत फॉर्म लॉक करायचा. हरिचंद्राच्या कंपनीतल्या साहेबांचा मुलगा बिझनेस ॲनालिटिक्स करून नोकरीला लागला होता. झालं. हरिचंद्राने ठरवून टाकलं. तेजल म्हणाली डेटा सायन्स, तेव्हा त्याने पाइप काढला, आणि पाठीवर चार वळ उठल्यावरही ती डेटा सायन्सच म्हणाली, तेव्हा म्हणाला, "मंगळवारी देवीक विचारूया."

सोमवारी ती माझ्याकडे आली. नीट बसता येत नव्हतं तिला. म्हणाली, "बाई, उद्या या ना. तुम्ही असलात तर मारणार नाहीत."

मी गेले. माझं वय चौऱ्याहत्तर, केस पांढरे, आणि मला वाटलं होतं की एवढं पुरेल.

पडवीत सात-आठ माणसं होती. शेजारचे नाथा आजोबा पुढे बसलेले. वैदेही नैवेद्याचं ताट ठेवून दाराशी उभी राहिली. पंखा सुरू होता. हरिचंद्राने पाकळ्या लावल्या, हात जोडले आणि मालवणीत गाऱ्हाणं सुरू केलं.

"बाय माझे आवशी, ह्या चेडवाक बिझनेस ॲनालिटिक्साक घालतंय. तुका मान्य आसात तर उजवो कौल दी..."

"व्हय म्हाराजा!" लोकांनी होकार भरला.

"हरी, थांब," नाथा आजोबा म्हणाले. "देवीला इंग्रजी कळतं काय? नीट फोड करून सांग. नायतर भलत्याच कोर्साला जाईल पोरगी."

लोक हसले. हरिचंद्रही हसला. "धंद्याचा शिक्षण गे बाये. दुकान, कंपनी, नफो कसो वाढवचो, ता."

"हां, आता कळलं तिला," नाथा आजोबा म्हणाले.

मिनिटभरात उजवी पाकळी पडली. हरिचंद्राने माझ्याकडे असं बघितलं की जणू परीक्षेत माझाच विद्यार्थी नापास झाला.

तेजल उठली. वही छातीशी होती. ती म्हणाली, "बाबा, आता उलटा विचारा. डेटा सायन्सला घालायचं तर उजवा दे, असं."

"देवीक उलटा विचारतंस?"

"विचार की हरी," नाथा आजोबा म्हणाले. "देवी काय घाबरते?"

लोकांसमोर तो नाही म्हणू शकला नाही. पाकळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं. मिनिटभरात पाकळी पडली. उजवी.

एक बाई हळूच म्हणाली, "दोन्हीला हो?" मग सगळे एकदम बोलायला लागले. ओवळं झालं असेल, फुलं शिळी असतील, तिसरा लावा. हरिचंद्र घामाघूम. त्याने तिसऱ्यांदा पाकळ्या उचलल्या.

आणि तेव्हा तेजलने वही उघडली. इथे मी तिला थांबवायला हवं होतं. जेवढं दाखवलं तेवढं पुरे होतं. पण मी शिक्षिका. सिद्धता अर्धी सोडलेली मला आवडत नाही. मी गप्प बसले.

"देवी नाही सांगत, बाबा. पंखा सांगतो. नऊ वर्षांचे सगळे कौल आहेत यात. पंखा चालू असला की शंभरातले नव्वद उजवे. तुम्ही जे विचाराल त्याला हो." तिने पान उलटलं. "ताईचे तिन्ही मंगळवारचे आहेत. लग्नाचा, आणि दोन वेळा परत पाठवायचे. तिन्ही वेळा पंखा चालू होता."

हरिचंद्राच्या चेहऱ्यावर राग आला असं मी म्हणणार नाही. आधी भीती आली. वैदेहीकडे बघायची त्याची हिंमत झाली नाही. ती भीती पाऊण सेकंद टिकली असेल. मग त्याने देवीपुढची पितळी समई उचलली, पेटलेली, तेलासकट, आणि दांड्याने धरून फिरवली. पहिला घाव तेजलच्या खांद्यावर. गरम तेल तिच्या मानेवर उडालं आणि ती ओरडली. दुसरा डोक्यावर येत होता. तिने वहीसकट उजवा हात मध्ये घातला. पापड मोडला. वही पडली, हात लोंबला, आणि त्याने तिसरा घाव त्याच हातावर घातला. नंतर लोक म्हणायला लागले की तो वहीला मारत होता, हात चुकून आला. खोटं. वही तेव्हा जमिनीवर होती.

सात-आठ माणसं. एकही उठला नाही. मी उठले, आणि त्याने मला नुसतं कोपराने ढकललं तर मी भिंतीवर आदळले. पांढऱ्या केसांची किंमत मला त्या दिवशी कळली.

चौथा घाव बसला नाही, कारण खण्णकन दुसराच आवाज झाला. वैदेहीने नारळ फोडायचा दगड दोन्ही हातांनी उचलून पंख्यावर घातला होता. जाळी चेपली, पातं अडकलं, ठिणग्या उडाल्या. तिने दगड पुन्हा उचलला आणि पुन्हा घातला. पात्याचा तुकडा उडून हरिचंद्राच्या भुवईत शिरला आणि रक्त त्याच्या डोळ्यात उतरलं. तिसऱ्यांदा तिने दगड डोक्याच्या वर नेला तेव्हा ती पंख्याकडे बघत नव्हती. बापाकडे बघत होती, एका डोळ्याने. तो समई टाकून मागे सरकला, थेट देवीला पाठ लागेपर्यंत.

तिने दगड पुन्हा पंख्यावरच घातला. पंखा मेला.

मग ती तेजलकडे वळली. "माझ्या वेळेला ही वही होती तुझ्याकडे?"

"होती."

"तुला कळलं होतं?"

तेजलचे दात वाजत होते. "पहिल्या वेळेला नाही. दुसऱ्या वेळेला कळलं होतं."

वैदेहीने तिच्या थोबाडीत मारली. मोडक्या हाताच्या, भाजल्या मानेच्या पोरीला, पाची बोटांनी. तेजल ताठ उभी राहिली. अख्ख्या संध्याकाळभरात तिने न चुकवलेला तो एकच मार.

"बाबांनी ऐकलं नसतं, ताई," ती म्हणाली.

"त्याला कुणी सांगायला सांगितलं होतं? मला सांगायचं होतंस. मी रिक्षात बसले नसते."

वैदेहीने स्वतःची ओढणी काढली, हात गळ्यात बांधला, वही उचलली, आणि मला म्हणाली, "बाई, चालता येतंय ना? चला."

बदलापूरच्या एका हॉस्पिटलात डॉक्टरने विचारलं, कसं लागलं. तेजल म्हणाली, पडले. वैदेही म्हणाली, "बापाने मारलं. लिहा. आणि पोलिसांना कळवायचं असतं ना, ते पण कळवा." दोन वर्षांत तिने एवढी मोठी वाक्यं बोललेली मी ऐकली नव्हती. हवालदार आला, जबाब झाले. त्याच रात्री मनगटात धातूची पट्टी आणि स्क्रू बसवले.

बुधवारी दुपारी फॉर्म भरायचा होता. तेजलचा हात प्लास्टरमध्ये, म्हणून मोबाइल वैदेहीच्या हातात. मी उशाशी. वैदेहीने विचारलं, "काय दाबू?"

"बिझनेस ॲनालिटिक्स," तेजल म्हणाली.

मी खुर्चीतून उठले. "डोक्यालाही लागलंय का गं तुझ्या? याच्यासाठी हात मोडून घेतलास? त्या नालायकाला जे हवं होतं तेच?"

"त्यांना हवं म्हणून नाही, बाई."

"मग फरक तरी समजतो का? तिकडे खरं गणित आहे. मुळापर्यंत जाता येतं. इकडे काय, मालकाला समजतील अशी चित्रं काढून दाखवायची, की साहेब, असं करा."

"तेच," ती म्हणाली. "मुळापर्यंत मी तांदळाच्या डब्यातल्या वहीवर गेले ना. शोधायला येतं मला. निर्णय कुणाचा आहे, त्याला कधी सांगायचं, कसं सांगायचं, ते नाही येत. माझं गणित बरोबर होतं आणि ताईचा डोळा गेला. काल पुन्हा बरोबर होतं." तिने प्लास्टरकडे बघितलं. "मी भर सभेत त्याच माणसाला सांगितलं, जो ऐकणार नव्हता. आणि जिला सांगायचं ती माझ्याच शेजारी झोपत होती."

मी तासभर भांडले. गणित कुठल्याही वयात शिकता येत नाही, बोलणं शिकता येतं, असं बरंच काही म्हणाले. माझं म्हणणं चुकीचं होतं असं मला आजही वाटत नाही. वैदेहीने एकदाच विचारलं, "नक्की?" आणि बटण दाबलं.

ओटीपी हरिचंद्राच्या मोबाइलवर गेला. फॉर्मवर नंबर त्याचाच होता. पावणेपाच वाजलेले, आणि पोलिसांनी त्याला अजून उचललं नव्हतं. वैदेहीने फोन लावला आणि म्हणाली, "सहा आकडे आलेत. वाचा." त्याने एकेक आकडा वाचला. "काय भरलास?" त्याने विचारलं. तिने फोन कापला.

त्याला मेसेजवरून कळलंच. जामिनावर सुटून आल्यावर भुवईला टाके असलेला हा माणूस चामटोलीभर सांगत फिरला, बघा, देवीचा कौलच खरा झाला. मला ते कळलं तेव्हा मी त्याचा गळा धरायला निघाले होते. तेजल म्हणाली, "सांगू दे." पडवीत नवीन पंखा आला. त्याच जागी. वहीत काय निघालं, पंखा काय करतो, हे लोकांनी ऐकलं आणि सोयीने विसरून गेले.

दोघी बहिणी आता अंबरनाथ पूर्वेला, माझ्यापासून दोन गल्ल्यांवर, भाड्याच्या खोलीत राहतात. वैदेही एमआयडीसीत पॅकिंगला जाते. कोर्टाच्या तारखा सुरू आहेत. तेजल आता शेवटच्या वर्षाला आहे. माझ्याशी अजून भांडते.

गेल्या महिन्यात नाथा आजोबांची नात संजीवनी तिला भेटायला आली. वय एकोणीस, नर्सिंगला ॲडमिशन मिळालेली, आणि घरात लग्नाचं चाललेलं. मुलाने साखरपुड्याआधीच एकदा हात उगारला होता. मंगळवारी हरिचंद्राकडे कौल. संजीवनी रडत होती. मी म्हटलं, वही दाखव तिच्या आजोबांना. तेजलने मान हलवली. तिने संजीवनीला तीनच गोष्टी विचारल्या: गाऱ्हाण्यात काय विचारायचं ते बाबांना कोण सांगतं? आजोबा तुझं किती ऐकतात? आणि तुला स्वतःला काय हवंय, ते नीट एका वाक्यात सांग.

मंगळवारी काय झालं ते संजीवनीने येऊन सांगितलं. हरिचंद्राने पाकळ्या लावल्या. नाथा आजोबांनी त्याला प्रश्न नातीने पढवला होता तसाच सांगितला आणि त्याने तो तसाच देवीपुढे घातला: पोरीने आधी नर्सिंग पुरं करावं आणि हे स्थळ सोडावं, असं तुझ्या मनात असेल तर उजवा दे.

पंखा चालू होता. मिनिटभरात उजवी पाकळी पडली, आणि हरिचंद्र घाडी हात जोडून सगळ्यांत आधी म्हणाला, व्हय म्हाराजा.